जुनी वेस्पा: आधीचा रंग मुळापासून काढायचा की घासून त्यावरच मारायचा?

अर्धीकिक:

नमस्कार मंडळी. आईची वेस्पा खोलून बसले आहे. १९६२ ची, १५० सीसी, आठ इंची चाकांची. आईने ती एकोणीस वर्षं चालवली, मग मामाकडे गेली, मग जिन्याखाली नुसतीच उभी राहिली. इंजिन मेकॅनिककडे आहे, त्याची काळजी नाही. घोडं अडलंय ते बॉडीपाशी.

वरचा रंग गडद लाल, मामाच्या काळातला. फवारायच्या गननेच मारलाय, पण घाईत. मडगार्डच्या खालच्या काठाला ओघळ तसेच सुकून टाचणीच्या डोक्याएवढे थेंब झालेत. जिथे टवका उडालाय तिथे लालखाली क्रीम दिसतो आणि क्रीमखाली फिका निळा. आई म्हणते, निळाच खरा, घेतली तेव्हापासूनचा. मला तो परत आणायचाय.

दोघांना विचारलं तर दोन टोकं. एक म्हणतो, सगळी बॉडी सँडब्लास्टिंगला टाका, वाळूच्या माऱ्याने पत्रा लख्ख करून आणा, नाहीतर हात लावू नका. दुसरा म्हणतो, पाणीपेपर मारा (पाणी लावून सँडपेपरने घासा), सरफेसर (बारीक खड्डे भरणारा थर) मारा, वर रंग उडवा, दोन दिवसांचं काम.

मी आतापर्यंत एकच उद्योग केलाय. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी साइड पॅनलच्या आतल्या कडेला दोन मिनिटं धरली. चिंधी लालभडक झाली. उचलून बघते तर खालचा क्रीम सुरकुतलेला, बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखा. निळ्याला काही झालेलं दिसलं नाही. याचा अर्थ काय घ्यायचा? की मीच बिघडवून ठेवलं?

चौथागिअर:

ब्लास्टिंग. विषय संपला. माझ्या लँब्रेटा स्कूटरचा फ्रेम, फोर्क, रिम सगळं ब्लास्ट करून घेतलं, एका दुपारी काम झालं. जुन्या रंगावर विश्वास ठेवायचा नसतो.

पत्रापुराण:

ताई, बिघडवलं काहीच नाही. लोकांना जे शेवटचा हात मारल्यावर कळतं, ते तुम्हाला चिंधीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मी पस्तीस वर्षं गन धरली. आता हात थरथरतो, म्हणून नुसता बोलतो. लांबलचक लिहिणार आहे, बैठक मारून वाचा.

थिनरने विरघळून चिंधीला लागला तो लाल म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, आम्ही ज्याला ड्यूको म्हणतो. ड्यूको हे खरं तर ड्यूपाँटच्या लॅकरचं नाव, १९२३ मधलं. पुढे त्या जातीच्या सगळ्याच रंगाला तेच चिकटलं. हा रंग नुसता थिनर उडून सुकतो, त्याच्यात दुसरी काही क्रिया होत नाही. म्हणून पन्नास वर्षांनी थिनर लावलात तरी तो पुन्हा पातळ होतो. सुरकुतला तो क्रीम म्हणजे हवेत सुकणारा इनॅमल. तो विरघळत नाही, फुगतो. आणि ढिम्म राहिला तो निळा म्हणजे बहुतेक कारखान्यात भट्टीत भाजलेला मूळ थर.

आता पाणीपेपरवाल्याचं ऐकून या तिन्हींच्या डोक्यावर नवा रंग मारलात तर दोन गोष्टी होतील. नव्या रंगातला थिनर आत उतरून क्रीमला उठवेल, म्हणजे गन खाली ठेवायच्या आत सुरकुत्या. दुसरी गोष्ट त्याहून वाईट, कारण ती उशिरा कळते. जुन्या लाल रंगांपैकी बऱ्याच रंगांतलं द्रव्य थिनरमध्ये विरघळतं आणि वरच्या थरात चढतं. तुमची चिंधी लालभडक झाली ना? तशीच तुमची निळी स्कूटर जांभळट होणार. मी हे करून बसलोय. लाल स्कूटर, गिऱ्हाइकाला पांढरी हवी होती. मी वर सरफेसर मारला, दोन हात पांढरे मारले, झकास दिसली. तिसऱ्या आठवड्यात तो माणूस गाडी घेऊन दारात. काही बोलला नाही, नुसतं पॅनलकडे बोट दाखवलं. पॅनल गुलाबी. सगळं काढून पुन्हा केलं, पदरचा माल घालून.

तेव्हा लाल पूर्ण जाणार, फटीफटीतून जाणार. क्रीमही जाणार. निळा मात्र जिथे घट्ट आहे तिथे ठेवा. साठ वर्षं पत्र्याला धरून बसलेला थर हा फुकटचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पाया आहे, तुमच्या-माझ्याच्याने तसा मारून होणार नाही.

काढायचं कसं? तुमच्या क्रीमने काम सोपं केलंय. जो थर पाया म्हणून नालायक, तो उपटायला सगळ्यात सोपा. जुन्या सुती कापडाची घडी थिनरमध्ये भिजवायची, पॅनलवर पसरायची, वर प्लास्टिकचा कागद झाकायचा म्हणजे थिनर उडत नाही. पाच-सात मिनिटांनी प्लास्टिकच्या पट्टीने सरळ ढकलायचं. लाल आणि क्रीम एकत्र कातडीसारखे सुटून येतात, निळा खाली दिसतो. तळहाताच्या दुप्पट जागा एका वेळी, जास्त नाही. लोखंडी पट्टी वापरू नका, तिचा कोपरा निळ्यात रुततो. दारं-खिडक्या उघडी, जवळपास ठिणगी किंवा ज्योत नको, आणि भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. बाहेर पसरून सुकू द्यायच्या.

पण पट्टी हातात घ्यायच्या आधी धुणं आहे, आणि इथे सगळे कंटाळा करतात. स्कूटर टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल, मागच्या अर्ध्या बॉडीवर त्याचा चिकट थर. वर कुणीतरी वर्षानुवर्षं पॉलिश फासलेलं, त्यात सिलिकॉन. ते तसंच ठेवून पेपर मारलात तर ग्रीस ओरखड्यांच्या आत जाऊन बसतं. मग रंग मारताना गोल गोल खळगे पडतात, मध्ये उघडं, कडेला रंग मागे सरकलेला. म्हणून आधी साबणपाणी, सुकवणं, मग वॅक्स-ग्रीस काढायचं द्रावण. एका चिंधीने ओलं लावायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या चिंधीने उचलायचं. एकाच चिंधीने पुसणं म्हणजे घाण इकडची तिकडे. पेट्रोलने पुसू नका, त्याचा स्वतःचाच तेलकटपणा मागे राहतो.

फूटबोर्डच्या पट्ट्या काढा. रिवेटची डोकी ड्रिलने उडवा. त्यांच्याखाली काय निघतं ते इथे सांगा, मग पुढचं बोलू.

दोनटक्केऑइल:

मध्ये तोंड घालतो. थिनरने सुटतं ते सुटू दे, पण पेपर मारायची वेळ येईल तेव्हा सुका मारू नका. त्या काळातल्या रंगांत शिसं असू शकतं, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल छटांत. सुकी धूळ फुफ्फुसात जाते आणि कपड्यांवरून घरात येते. जुने थर ओलेच घासा, बादलीचं पाणी गटारात नको, गाळ बसू द्या आणि सुकवून वेगळा टाका. घरात लहान मूल असेल तर कामाचे कपडे दाराबाहेर.

अजून एक. धुळीचा मास्क थिनरच्या वाफेला काहीच करत नाही. वाफेसाठी कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. आणि शेवटी टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग मारणार असाल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा कायमचा मागे लागू शकतो. तो हात बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या माणसाकडून मारून घ्या. पूर्वतयारी घरी, रंग त्याच्या बंदिस्त रंग-बूथमध्ये. यात कमीपणा काही नाही.

चौथागिअर:

एवढा खटाटोप एका दुपारच्या कामासाठी? पुन्हा सांगतो, ब्लास्टिंग.

पत्रापुराण:

चौथागिअर, तुमच्या लँब्रेटाला नळीची फ्रेम आहे, वर पत्रे नुसते अडकवलेले. फ्रेम ब्लास्ट करा, खुशाल करा. वेस्पाची गोष्ट वेगळी. १९४६ मध्ये पियाजिओने तिचं पेटंट घेतलं तेव्हाच तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा होता. आखणारा कोर्राडिनो दास्कानिओ मुळात विमानांचा इंजिनिअर, वेगळी चासी त्याने ठेवलीच नाही. त्या बॉडीत मधला बोगदा आहे, केबल जायच्या वाटा आहेत, दुहेरी पत्र्याच्या घड्या आहेत. वाळू तिथे शिरली की वर्षभर निघत राहते, नेमकी रंग मारताना निघते, आणि स्टीअरिंगच्या बेअरिंगमध्ये गेली तर हँडल कुरकुरतं. साइड पॅनल आणि मडगार्डचा पत्रा पातळ, मोठा, गोलसर. जोरात मारा बसला की पृष्ठभाग ताणला जातो आणि पॅनल टकटक आवाज करत आतबाहेर व्हायला लागतं. ते परत बसवणारा डेंटर आता शोधून सापडत नाही.

फोर्क, रिम, स्टँड ब्लास्टिंगला द्या. एवढं तुमचं मान्य.

अर्धीकिक:

दहा दिवसांनी लिहितेय, माफ करा. पत्रापुराणकाका, तुमची कातडी सुटली! पहिल्या दिवशी घाबरत घाबरत एका पॅनलचा कोपरा, आणि मग थांबवेना. साइड पॅनलचा निळा ऐंशी टक्के तरी शाबूत आहे. फिकट झालाय, पण घट्ट. टाकी उचलली तर तिच्याखाली हाच निळा न विटलेला, अगदी ओला वाटावा इतका ताजा. डिकीच्या झाकणाच्या आतही तोच. आईला बोलावून दाखवला. ती खूप वेळ टाकीच्या भोकात डोकं घालून उभी होती, आणि मग म्हणाली, "इथे एक पान्हा पडला होता माझा." पान्हा सापडला नाही.

आता वाईट बातम्या. पट्ट्यांखाली गंज. डाव्या बाजूला रिवेटच्या दोन भोकांभोवती पत्रा पापुद्रे सुटल्यासारखा, स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार. उजवीकडे फक्त वरवरचा.

आणि पायांपुढच्या शील्डच्या डाव्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, थर काढताना एक जागा गुलाबी-राखाडी निघाली. लोहचुंबक लावला तर चिकटेना. ही पुट्टी ना? हाताच्या पंजाएवढी. हात लावावा की झाकून ठेवावी?

हँडलचा वरचा भाग आणि हॉर्नचं कव्हर, दोन्हीला चुंबक चिकटत नाही. तिथेही पुट्टी आहे का? इतकी कशी असेल?

पत्रापुराण:

हसलो. हँडल आणि हॉर्न कव्हर पुट्टी नाही, ॲल्युमिनियम आहे, ओतीव. तिथे कॉस्टिक सोडावालं कुठलंही द्रावण लावू नका, ते ॲल्युमिनियम खातं. थिनर चालेल. उघड्या ॲल्युमिनियमवर साधा प्रायमर धरत नाही, वर्षभरात पापुद्रा निघतो. त्याला एच प्रायमर (ॲसिडवाला, धातूला किंचित खाऊन पकडणारा) नाहीतर इपॉक्सी प्रायमर (दोन भाग मिसळून मारायचा), आणि पेपर मारल्यावर त्याच दिवशी, कारण ॲल्युमिनियमवर हवेतच पातळ थर चढतो आणि प्रायमर पत्र्याऐवजी त्याला धरतो.

शील्डवरची ती पुट्टीच. काढा. पूर्ण काढा. जुन्या पुट्टीखाली काय लपवलंय हे ज्याने लपवलं त्यालाच माहीत. कधी साधा पोचा, कधी गंजलेलं भोक आणि त्यात कोंबलेला कागद. कागद मी दोनदा काढलाय. ८० नंबरचा पेपर (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत) लाकडी ठोकळ्याला लावून, इथे मात्र सुका, धूळ-मास्क घालून. पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते, ओली घासली की ते पाणी आत राहतं आणि पुढे फोड म्हणून वर येतं. कडेच्या जुन्या रंगाला पेपर लागू देऊ नका, तिथे चिकटपट्टी लावा.

डाव्या फूटबोर्डला रंगवाला नको, वेल्डर हवा. मी वर म्हटलं तसं ही बॉडीच सांगाडा आहे, तिथलं भोक पुट्टीने बुजवणं म्हणजे पाय ठेवायच्या जागी पुठ्ठा लावणं. सडलेला भाग कापून नवा तुकडा जोडून घ्या. हे रंगाआधी. उजवीकडचा गंज तारेच्या ब्रशने आणि ८० ने खरवडा, खोल खड्ड्यांत जो काळा राहील त्याला फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजाचं द्रावण, आणि मग ते पाण्याने पूर्ण धुऊन लगेच गरम हवेने सुकवा. ॲसिड मागे राहिलं तर वरचा इपॉक्सी नीट धरत नाही. लोकांना वाटतं लावून ठेवलेलं बरं. बरं नाही.

आता कडा. यातच सगळं काम आहे. निळा जिथे उघड्या पत्र्याला भेटतो तिथे पायरी असते, डोळ्याला दिसत नाही, वरून चकचकीत रंग चढला की नकाशासारखी उमटते. ती पायरी उतार करायची. रबरी ठोकळ्यावर १८०, मग ३२०, ओला. बोटांनी घासू नका, बोटांच्या मधे घळी पडतात. बरोबर जमलं की कडेला पट्टे दिसतात: पत्रा, मूळ प्रायमर, निळा. प्रत्येक पट्टा निदान बोटभर रुंद झाला पाहिजे. मग डोळे मिटून तळहात फिरवा, पातळ हातमोजा घालून. हातमोज्याने घामही लागत नाही आणि हाताला चढउतार जास्त कळतो. पायरी लागली तर अजून घासा.

उरलेला निळा ३२० ने फक्त मंद करायचा. चकाकी जिथे राहील तिथे नवा रंग धरणार नाही. कोपरे, बिजागऱ्या, शील्डची मागची बाजू ठोकळ्याने होत नाही, तिथे घासणी वापरा.

दोनटक्केऑइल:

चासी नंबरचं कुणी बोललं नाही. इंजिनाच्या बाजूचं पॅनल काढलं की बॉडीवर ठोकलेला असतो. तिथे पेपर, ग्राइंडर, पुट्टी, काही नको. थिनर आणि दात घासायचा जुना ब्रश, बस. वर पातळ प्रायमर आणि पातळ रंग, आकडे वाचता आले पाहिजेत. आधी फोटो काढून ठेवा.

आणि केबलची आवरणं ओढून काढायच्या आधी मागे दोरा बांधा. दोरा आतच राहू दे. नाहीतर नव्या रंगाच्या बॉडीत वाट शोधताना रडाल. अर्थिंगची जागा, स्टीअरिंगचे बेअरिंग कप, बोल्टचे आटे झाका.

अर्धीकिक:

दोरा! मी एक केबल आधीच काढून बसलेय. बघू.

काका, एक विचारायचं राहिलं. पत्रा उघडा झालाय त्या जागा मी आज घासून ठेवल्या आणि रविवारी प्रायमर मारणार होते. चालेल? आणि नवी पुट्टी पत्र्यावर की प्रायमरवर?

पत्रापुराण:

रविवारी नाही, आज. उघडा पत्रा एका दमट रात्रीत पिवळा पडतो, बोट लागलं तर बोटाच्या रेषांसकट गंजतो. आज जमत नसेल तर तशीच सोडा आणि रविवारी सकाळी पुन्हा १८० मारून लगेच इपॉक्सी मारा. घासलेलं फुकट गेलं समजायचं.

क्रम असा. पत्र्यावर आणि निळ्यावर सरसकट इपॉक्सी प्रायमर. त्याने पत्रा बंद होतो आणि जुना-नवा रंग एकमेकांना भिडत नाहीत. तो डब्यावर लिहिलं असेल तेवढा वाळला की पुट्टीच्या जागी १८० मारून त्यावर पुट्टी. एच प्रायमरवर मात्र पुट्टी कधीच नाही, त्यातलं ॲसिड तिला पकडू देत नाही. हार्डनर दोन टक्क्यांच्या आसपास, रंग एकसारखा होईपर्यंत कालवा. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर तो वर येऊन फिक्या रंगावर डाग पाडतो, आणि तुमचा रंग फिका आहे. जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या आत. त्याहून खोल असेल तर पोचा आधी ठोकून वर आणा.

मग सरफेसर दोन-तीन हात. वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाचा लांबून एक विरळ फवारा, नुसते ठिपके. ठोकळ्यावर ६०० ओला पेपर घेऊन ते ठिपके घासून काढा. जिथे ठिपका राहील तो खड्डा, जिथे लगेच प्रायमर उघडा पडेल तो उंचवटा. पत्रा खोटं बोलतो, ठिपका बोलत नाही. पॅनल एकसारखं राखाडी झालं की रंगवाल्याकडे न्या.

रंग जुळवायला टाकीखालचा तुकडा दाखवा, बाहेरचा नको. बाहेरचा उन्हाने विटलाय.

अर्धीकिक:

पुट्टी काढली. खाली कागद नव्हता. आडवा, लांबट पोचा, कशाच्या तरी कडेवर आपटल्यासारखा, आणि पोच्यात तोच फिका निळा. म्हणजे हा मामाच्या काळातला नाही, आईच्याच काळातला. आईला विचारलं. ती म्हणाली, असेल बाई, मला काय आठवतंय.

मामाला फोन केला तर तो पाच मिनिटं हसत होता. सांगत मात्र नाही.

डेंटर बुधवारी येतोय.